चवीपुरती विविधता

वेगवेगळ्या प्रांतांतल्या, भाषांतल्या आणि घरांतल्या मुलांबरोबर वाढलेलं मूल पुढे उदार मनाचा नागरिक होतं, याबद्दल सुशिक्षित माणसांत दुमत नाही. आमच्यात तर नाहीच नाही. मतभेद होतात ते वेगवेगळं म्हणजे किती वेगवेगळं, यावर. पाककृतीत मीठ 'चवीपुरतं' असं लिहितात आणि चमचा कुणी सांगत नाही, तशातलाच हा प्रकार. पण आमटी खारट झाली तर निदान पाणी घालता येतं. पहिलीतला प्रवेश एकदा झाला की झाला.

म्हणून चेन्नईच्या सिरुसेरी भागात राहणाऱ्या आम्हा मराठी पालकांनी 'शाळा निवड उपसमिती' नेमली. आमचं मंडळ मुळात गणपतीसाठी जन्माला आलं, पण गणपती वर्षातून एकदा येतो आणि मतं रोज येतात. अध्यक्ष हंबीरराव, मूळचे कोल्हापूरचे, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. चेन्नईत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आणि त्यांना चार तमिळ शब्द येतात: वेणाम म्हणजे नको, पोदुम म्हणजे पुरे, एवळव म्हणजे केवढ्याला आणि सीक्रम म्हणजे लवकर. एवढ्यावर त्यांचं उत्तम चाललं आहे. यापेक्षा जास्त शिकलं की लोक बोलत बसतात, असं त्यांचं निरीक्षण आहे. उपसमितीचा सचिव मी, विद्याधर. मला एकही तमिळ शब्द येत नव्हता, त्यामुळे माझा निःपक्षपातीपणा वादातीत होता.

माझा यात खाजगी स्वार्थही होता, तो आधीच सांगून टाकतो. माझी मुलगी स्वरदा त्या वर्षी पहिलीत जायची होती आणि ती घराबाहेर बोलत नसे. घरात तिची टकळी चाले ती थांबवायला पापड तळावे लागत. पण उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. बालवाडीत तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. तिथल्या बाईंनी एकदा फार हळुवारपणे तिला ऐकू येतं का, असं विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले की घशात, कानात, डोक्यात काही बिघाड नाही, ज्या मुलांत ती बोलेल त्या मुलांत तिला ठेवा. माझ्या बायकोने, देविकाने, हे वाक्य धरूनच ठेवलं. तिने माहेरचे आणि सासरचे दोन्हीकडचे देव कामाला लावले.

तशी स्वरदा एका ठिकाणी बोलायची. आमच्या वसाहतीच्या मागे दुसऱ्या टप्प्याच्या इमारती उठत होत्या आणि मध्ये तारेचं कुंपण होतं. पलीकडे पत्र्याच्या खोल्यांत बिहार, बंगाल, ओडिशा, नेपाळ अशा ठिकाणांहून आलेले गवंडी आणि सेंट्रिंगवाले राहायचे. त्यांतल्या एकाची मुलगी, सस्मिता, स्वरदाच्याच वयाची. दोघी आपापल्या बाजूला खडूने चौकटी आखून ठिकरी खेळायच्या. या खेळाला इथे पांडी म्हणतात. एकीने खडा टाकून लंगडत फेरी पुरी केली की कुंपणाकडे वळून दुसरीला ओरडून सांगायचं, माझं झालं, आता तू. आणि काय ती भाषा! थोडं तमिळ, थोडं ओडिया, मध्येच आमच्या घरातलं 'अगं बाई'. देविका पाणी प्यायच्या निमित्ताने मागच्या बाल्कनीत जायची आणि घोटही न घेता ऐकत उभी राहायची. मीही एकदोनदा ऐकलं. मुलीचा आवाज मोठा होता, हे मला तेव्हा कळलं.

असो. उपसमितीच्या कामाकडे वळू.

शाळांची माहितीपत्रकं पाहून आम्ही प्रथम भारावलो. प्रत्येक पत्रकावर सहा रंगांची मुलं एका पृथ्वीच्या गोळ्याला हात लावून हसत होती. (दोन शाळांच्या पत्रकांवर तीच सहा मुलं होती.) एका शाळेत एक कोरियन मुलगा असल्याचं आमच्या भागातून जाणाऱ्या सगळ्या ओएमआर रस्त्यावर बोललं जात होतं. त्याला पुष्कळांनी पाहिलं होतं, बहुतेकांनी लांबून. वडिलांची बदली होऊन तो मायदेशी परत गेला, त्यालाही बराच काळ लोटला, तरी त्याच्यामुळे प्रवेश घेणारे पालक अजून येत होते.

असल्या ऐकीव गोष्टींवर मुलांचं भवितव्य सोपवणं बरं नव्हे. सबब मी गुणांकन पद्धती तयार केली. ती माझी आहे, हे नम्रपणे नमूद करतो. वर्गात जितकी राज्यं तितके गुण. परदेशी मूल असल्यास दुप्पट. घरी बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक भाषेला गुण. सगळी मुलं एकत्र बसून एकच जेवण जेवत असतील तर जादा गुण. आणि शेवटचा निकष, ज्यावर हंबीररावांनी माझी पाठ थोपटली: मुलं एकमेकांच्या भाषेत भांडू शकतात का? नाचगाणं कुणीही बसवून घेईल, पण भांडण आतून यावं लागतं. ही पद्धती सर्वानुमते मंजूर झाली. परिसरातली एकही शाळा वगळायची नाही, असंही ठरलं. हा आग्रह हंबीररावांचाच होता. ते म्हणाले, आपल्याला भेदभाव करायचा नाही.

आता शाळाशाळांत जाऊन गुण कोण देणार? आमच्यातल्या कुणालाच तमिळ येत नव्हतं आणि वेळही नव्हता. तेव्हा रंजनीबाईंचं नाव पुढे आलं. रंजनीबाई तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी राजेलोकांबरोबर इकडे आली आणि नंतर तिची सर्व्हिसिंग झालेली नाही. त्या आपल्या धरायच्या की विविधतेत मोडतात, याचा निकाल मंडळाने पूर्वीच लावला होता: वर्गणीच्या वेळी आपल्या, एरवी विविधता. गणपतीत त्या आरती इतक्या खणखणीत म्हणायच्या की आमच्यातले पुण्याचे लोक ओठ हलवायचे तेवढेच. मुख्य म्हणजे त्या इथल्याच एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. कुठल्या शाळेत, हे विचारायचं राहून गेलं. बाई मराठी, इंग्रजी उत्तम, नेसायला कांजीवरम, हाताखाली शाळा. एवढं जमून आल्यावर आपण पुढची चौकशी करत नाही.

रंजनीबाईंनी काम मनापासून केलं आणि गुणपत्रक घेऊन बैठकीला आल्या. हंबीररावांच्या दिवाणखान्यात आम्ही सगळे जमलो होतो, सुरळीच्या वड्या होत्या. ज्या मोठ्या शाळेकडे आम्हा सगळ्यांचे डोळे होते (नाव देत नाही, फुकट जाहिरात होईल), ती मधेच कुठेतरी आली होती. तिथे राज्यं पुष्कळ होती, मातृभाषा अकरा होत्या, पण अकराच्या अकरा आजीशी फोनवर बोलण्यापुरत्या. डबे वेगवेगळे, आत पास्ता एकच. भांडणं फक्त इंग्रजीत, आणि तीही बाईंची परवानगी घेऊन.

पहिल्या क्रमांकाची शाळा इतकी पुढे होती की दुसरी दिसतही नव्हती. सगळे निकष पैकीच्या पैकी. नेपाळच्या दोन मुलांमुळे परदेशाचे दुप्पट गुण. दुपारी सगळी मुलं एका ओळीत बसून तोच सांबारभात आणि तेच अंडं खात होती. भांडणाच्या निकषाखाली बाईंनी शेरा दिला होता: रोज, चार भाषांत, सर्व बाजूंनी.

हंबीररावांनी वडी खाली ठेवली आणि बाई, ही कुठली शाळा म्हणायची, असं विचारलं.

"माझी," रंजनीबाई म्हणाल्या. "सरकारी आहे. तुमच्या मागल्या दारापासून जवळ. बांधकामावरचे अस्के लेकरं चालत येतात."

(अस्के म्हणजे सगळे, हे पुढे चौकशीअंती कळलं.)

यानंतर जो वेळ गेला, त्यात वड्या संपल्या. मग हंबीररावांनी रंजनीबाईंच्या अभिनंदनाचा ठराव मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अशा शाळा आहेत म्हणून देश उभा आहे, असं तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. एकाने त्या शाळेला जुनी दप्तरं द्यायचं जाहीर केलं. मुलाचं तिथे नाव घालायचं मात्र कुणी म्हणालं नाही, आणि त्यात कुणाचा दोष नव्हता. दोष पद्धतीत होता. पद्धती माझी असल्याने ती दुरुस्त करणं माझं कर्तव्य होतं. दुरुस्त्या पुढीलप्रमाणे करण्यात आल्या:

एक, पालकांच्या नोकरीमुळे आलेली विविधता ग्राह्य धरावी, कामामुळे आलेली धरू नये. (नोकरी आणि काम यांतला फरक सर्वांना ठाऊक असल्याने व्याख्या दिलेली नाही.)

दोन, नेपाळ परदेश आहे, परंतु त्या अर्थाने नव्हे.

तीन, ओडिशा, बिहार वगैरे राज्यांच्या मुलांना गुण द्यावेत, वडील अभियंता असल्यास पूर्ण.

चार, स्थानिक तमिळ मुलं वर्गात असणं अत्यंत इष्ट आहे, मात्र आपल्या मुलांना तमिळ येऊ लागेल इतकी नसावीत.

पाच, भांडणाचा निकष रद्द. भांडण वाईटच.

नव्या हिशेबाने मोठी शाळा पहिली आली आणि रंजनीबाईंची शाळा 'गुणांकनाच्या कक्षेपलीकडे' गेली. हे शब्द मी फार विचार करून योजले होते. त्यात आदर होता.

रंजनीबाई चिडल्या नाहीत. दारात चपला घालताना त्यांनी मला आणि देविकाला बाजूला घेतलं. "तुमची लेक कुंपणापाशी बोलते, ते मी ऐकले आहे," त्या म्हणाल्या. "पलीकडची तिची मैत्रीण माझ्याच शाळेत येणार. दोघींस एका बाकावर बसवते. माझ्याकडे घाला. बोलेल ती." मग 'बरं' म्हणावं तसं 'सरी' म्हणून त्यांनी छत्री घेतली आणि बसला गेल्या.

घरी आल्यावर देविकाने पदर खोचला नाही, गॅस पेटवला नाही, नुसती ओट्याला टेकून उभी राहिली. "घालू या का रे तिला तिथे?" तिने विचारलं.

मी म्हणालो, विचार करू. (मराठी घरात याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.) मग मी विचार केला आणि तो मोठ्याने केला. तमिळ माध्यम. उद्या कंपनीने पुण्याला पाठवलं तर त्या तमिळचं काय करायचं, लोणचं घालायचं? ऑफिसात कुणी शाळेचं नाव विचारलं तर सांगायचं काय? आणि शेवटी तिच्याच भल्याचं: तिथली मुलं आज आहेत, उद्या इमारत संपली की गेली. अशा मुलांत जीव लावून मूल दुखावतं. मोठ्या शाळेतली मुलं कशी, गृहकर्ज असलेल्या आईबापांची. ती कुठे जाणार!

"अरे, पण ती बोलेल," देविका म्हणाली.

इंग्रजीत बोलेल, मी म्हणालो. त्यावर ती रडली. बायकोच्या भावनांचा मी नेहमीच आदर करत आलो आहे, म्हणून तेव्हा मी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी मोठ्या शाळेची फी भरली.

प्रवेशाच्या मुलाखतीत स्वरदाला तिचं नाव विचारलं, ती गप्प. रंग विचारला, गप्प. पण त्या मुख्याध्यापिकाबाईंनी आमच्या आडनावाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्याकडे पश्चिम भारत कमी पडत होता. प्रत्येक मूल आपापल्या वेळी फुलतं, असं म्हणून त्यांनी तिला त्याच बैठकीत घेतलं. जाता जाता सांगायला हरकत नाही की आपणही कुणाचं तरी मीठ आहोत, हे कळल्यावर मला बरं वाटलं.

वर्ष सुरू झालं. स्वरदाच्या वर्गात देशाचे सगळे कोपरे होते आणि सगळ्यांचे आईबाप सिरुसेरीच्या आयटी पार्कच्या एकाच फाटकातून कामाला जात होते. स्वरदा गप्पच होती. तिच्या बाईंनी अहवालात 'उत्तम श्रोता' असं लिहिलं. संध्याकाळी ती कुंपणापाशी जायची, पण पावसाळ्याच्या आगेमागे दुसरा टप्पा पुरा झाला आणि गवंडी गेले. कुठे, ते नक्की कळलं नाही. वॉचमन म्हणाला अंबत्तूर, लिफ्टवाला म्हणाला होसूर. तारेच्या कुंपणाच्या जागी वसाहतीने पक्की भिंत बांधली आणि भिंतीवर चित्र काढून घेतलं: सगळ्या देशांची मुलं हातात हात धरून उभी आहेत. चित्र खरोखर सुंदर झालं आहे. स्वरदा बरेच दिवस आपल्या बाजूच्या चौकटींवर लंगडून फेरी पुरी करायची आणि भिंतीकडे वळून थांबायची. आता तू, असं कुणाला म्हणावं हे तिला कळत नसे. देविकाने मागच्या बाल्कनीचं दार लावून घेतलं. डास येतात म्हणाली.

मग स्नेहसंमेलन आलं. विषय होता 'एक पृथ्वी, अनेक मुलं'. प्रत्येक मूल एक राज्य. लहान मुलं रंगमंचावर पळू नयेत म्हणून बाईंनी फळ्यांवर खडूने चौकटी आखल्या होत्या, ज्याचं राज्य त्याने त्याच्या चौकटीत उभं राहायचं. स्वरदाला ओडिशा मिळालं, कारण ओडिशाला संवाद नव्हता. (वर्गात खरोखरीची ओडिशाची एक मुलगी होती, तिला उंचीमुळे पंजाब मिळाला होता.) तिला संबळपुरी साडी नेसवली होती आणि हातात बांगड्या. मी तिसऱ्या रांगेत, माझ्या एका बाजूला देविका, दुसऱ्या बाजूला हंबीरराव.

गुजरात बोललं, केरळ बोललं, पंजाबने टाळी घेतली. स्वरदा खाली बघत होती. चौकटींकडे. मग तिने हातातली एक बांगडी काढली, पुढच्या चौकटीत टाकली आणि साडीचा घोळ मुठीत धरून एका पायावर उडी मारली. ओडिशातून बंगाल, बंगालमधून बिहार, बिहारमधून पुढे. राज्यं बाजूला सरकत गेली. उत्तर प्रदेश जागचं हलेना, तर त्याला तिने ढकललं. पार काश्मीरपर्यंत लंगडत जाऊन, येताना बांगडी उचलून ती परत आली, पडद्याच्या बाजूला वळली, जिकडे कुणीच नव्हतं तिकडे, आणि सभागृहाला ऐकू जाईल अशा त्या मोठ्या आवाजात तिने एका मुलीला नावाने हाक मारली.

"इंगे वा! माझं झालं, आता तुझं!"

इंगे वा म्हणजे इकडे ये. तेवढं तमिळ आता मला येतं.

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. हंबीररावांच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरीने अख्खा देश एका पायावर जोडला, असं ते शेजारच्याला सांगत होते. नाच कुणी बसवला याची मागे विचारणा सुरू झाली होती. देविका तेवढी बसून होती, तोंडाला रुमाल लावून. मुख्याध्यापिकाबाईंनी मला भेटून सांगितलं की विविध वातावरणात मूल कसं खुलतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण त्यांनी पाहिलेलं नाही. स्वरदाचा तो एका पायावरचा फोटो नव्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आला आहे. प्रवेशासाठी रांग लागते. त्या दिवसानंतर ती शाळेत पुन्हा बोललेली नाही, पण तशी तक्रार कुणाचीच नाही. पुढच्या वर्षी तिला मेघालय देणार आहेत.

स्वरदा वाट बघत राहिली होती, पडदा पडेपर्यंत. ती कुणाला बोलावत होती, हे त्या सभागृहात कुणी विचारलं नाही.

तुम्ही तसे नाही. तुम्ही समंजस वाचक आहात, मघापासून आम्हाला हसता आहात, तेव्हा तुम्हाला विचारायला हरकत नाही. ते नाव मी वर एकदाच घेतलं आहे. मागे न बघता सांगा पाहू. हंबीररावांचं लक्षात राहिलं, माझ्या बायकोचं राहिलं, तंजावरच्या बाईंचंसुद्धा राहिलं असेल. तेवढं एक नाही ना आठवत?

असू द्या, मनाला लावून घेऊ नका. तशी मुलं गोष्टीतही असावीतच. पण चवीपुरती.